प्राण्यांच्या खेळावरची चित्रपुस्तके

प्राणी आणि त्यांची पिल्ले कशी खेळतात हे चित्रांतून दाखवणारी माहितीपर बालपुस्तके. मोठ्यांनी वाचून दाखवायचे आणि मुलाने चित्र न्याहाळायचे, अशी त्यांची रीत. मजकूर पानाला एखाद-दुसरे वाक्य. हत्तीच्या सोंडेत बॅट देणाऱ्या गोष्टी या प्रकारात येत नाहीत. इथे प्राणी त्याच्याच पद्धतीने खेळताना दिसावा लागतो.

चित्रकाराची खरी कसोटी लागते ती खेळ आणि भांडण वेगळे दाखवताना. एकाने दुसऱ्याला पाडले आहे, मान तोंडात धरली आहे. कागदावर दोन्ही सारखेच. गल्लीतली कुत्र्याची पिल्ले नीट पाहिलेल्या चित्रकाराला मात्र खुणा ठाऊक असतात. खेळायला बोलावणारे पिल्लू पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवते आणि ढुंगण वर ठेवून शेपूट हलवते. तोंड सैल उघडे असते, दात विचकलेले नसतात. चावते, पण दाबत नाही. दांडगे पिल्लू चिमुकल्यापुढे आपणहून उताणे पडते. हे सारे चित्रात उतरले, तर ‘ही भांडतायत का?’ या प्रश्नाला चित्रावर बोट ठेवूनच उत्तर देता येते.

‘पिल्लू खेळता खेळता शिकार शिकते’ हे अशा पुस्तकांतले ठरलेले वाक्य. खेळ म्हणजे पुढच्या आयुष्याची तालीम, हा विचार जर्मन अभ्यासक कार्ल ग्रोस यांनी १८९६ साली मांडला. पण खेळाचे कारण तेवढेच नाही. सिएटलच्या मत्स्यालयातले ऑक्टोपस तरंगती रिकामी बाटली पाण्याच्या फवाऱ्याने पुन्हा पुन्हा ढकलताना दिसले. ते निरीक्षण १९९९ साली प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये एका प्रयोगात भुंगमाश्यांनी (बंबलबी) कोणत्याही बक्षिसाशिवाय लाकडी गोळे लोळवले (२०२२). असे खेळ पुस्तकांत यायलाच हवेत. निव्वळ मजेसाठी खेळणे मुलांना चटकन कळते.

गुदगुल्या केल्या की उंदीर फार उंच पट्टीचा, सुमारे ५० किलोहर्ट्‌झचा चिवचिवाट करतात. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही आणि चित्रात दाखवणेही अवघडच.

मराठीत अशी पुस्तके आणताना प्रत्येक पानावर ‘खेळते’ लिहिणे ही मोठी चूक. वासरू हुंदडते, करडू टणाटण उड्या मारते, म्हैस डबक्यात लोळते, माकडाची पोरे एकमेकांची शेपटी ओढतात.