कोंबड्यांसाठीचे उपयुक्त जिवाणू आम्ही कसे शोधतो : ग्राहकांसाठी माहिती

गोव्यातील सत्तरी-फोंड्याच्या कुळागरांत (पोफळी-माडांच्या बागांत) खुडूक कोंबडी पिल्ले घेऊन फिरते, तेव्हा ती माती उकरते आणि पिल्ले तिच्या पायांशी टिपत राहतात. त्या टिपण्यातूनच आईच्या विष्ठेतील जिवाणू पिल्लांच्या पोटात जातात आणि आतड्यात वस्ती करतात. हॅचरीतील पिल्लाला आई भेटतच नाही. त्याच्या आतड्यातील मोकळी जागा मग जो जिवाणू आधी पोहोचेल त्याची होते. निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू नवजात पिल्लांना पाजले, तर साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला तेथे सहजी जम बसवता येत नाही, हे नुर्मी आणि रांटाला या फिनलंडच्या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवून दिले. आमचे काम याच विचारावर उभे आहे.

ज्या गावठी कोंबड्यांना प्रतिजैविके दिलेली नाहीत, अशांच्याच आतड्याचे नमुने आम्ही त्या मांसासाठी कापल्या जाताना घेतो आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणतो. नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून लॅक्टोबॅसिलस या आम्ल तयार करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना मानवणाऱ्या एमआरएस नावाच्या पोषक माध्यमावर, प्राणवायूविना वाढवला जातो. वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक वसाहतीची मग स्वतंत्र परीक्षा होते : जठरातील आम्लात आणि पित्तात तो जिवाणू तगतो का, कोंबडीच्या सुमारे 41 अंश सेल्सिअस तापमानात वाढतो का, आतड्याच्या अस्तराला चिकटतो का आणि साल्मोनेला व ई. कोलाय यांची वाढ रोखतो का. ही रोख केवळ आम्लामुळे आहे की अन्य द्रव्यामुळेही, हे कळण्यासाठी आम्ल निष्प्रभ करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

यानंतरची परीक्षा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही जिवाणूंमधील प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके दुसऱ्या, रोगकारक जिवाणूंकडे जाऊ शकतात. असा जिवाणू बाकी सर्व बाबतींत कितीही उजवा ठरला, तरी तो आम्ही टाकून देतो, कारण आपल्या शेडमधील कोंबडी अखेर कोणाच्या तरी ताटात जाणार असते. जिवाणूची जात 16एस जनुकाच्या अनुक्रमावरून ओळखली जाते. मात्र गुण जातीचा नसून त्या विशिष्ट वाणाचा (एकाच जातीतील उपप्रकाराचा) असतो, म्हणून जातीच्या नावावर विसंबून कोणतीही चाचणी आम्ही गाळत नाही.

अशा निवडलेल्या जिवाणूंच्या भुकटीचे आमचे उत्पादन हे औषध नव्हे. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस, पशुवैद्यांचा सल्ला आणि पावसाळ्यात शेडमधील तूस कोरडे ठेवणे यांची जागा ते घेऊ शकत नाही. प्रतिजैविकाचा कोर्स चालू असताना ते देऊ नये, कारण त्यात हे जिवाणूही मरण्याची शक्यता असते. पाकीट फ्रिजमध्ये ठेवावे. गोव्यातील दमट उकाड्यात जिवंत जिवाणूंची संख्या लवकर घटते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते, म्हणून पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मगच त्यात भुकटी कालवावी. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे आणि उरले तर ओतून टाकावे.