जुन्या आऊटबोर्डचा करंट कुठे अडतो, आणि का

जुनं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची मोटर, दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही, तेव्हा बहुतेक जण आधी कार्बोरेटर उघडून बसतात. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मोटरला करंटच येत नसण्याची शक्यताही तितकीच असते, आणि तो कुठे अडला असेल याचा अर्धा अंदाज मोटर कोणत्या काळातली आहे हे बघूनच येतो.

ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये मिलवॉकीत आपली मोटर बाजारात आणली, दीड हॉर्सपॉवर आणि वजन साधारण ६२ पौंड. (त्याच्या आधी डेट्रॉइटमध्ये कॅमेरॉन वॉटरमन अशा मोटरी विकत होताच, पण नाव झालं ओलेचं.) त्या मोटरीला स्पार्क मिळायचा बॅटरी आणि कॉइलमधून, म्हणजे होडीत वेगळा डबा आणि तिथून मोटरपर्यंत वायर. होडीत पाणी येणारच, आणि बॅटरी भिजली किंवा उतरली की वल्ही मारत परत.

बॅटरीशिवाय स्पार्क देणारा हाय टेन्शन मॅग्नेटो बॉशकडच्या गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्येच केला होता, पण वेगळा मॅग्नेटो लावायचा म्हणजे मोटरचं वजन वाढणार. मग १९१० च्या दशकात यातून जी वाट निघाली ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते: फ्लायव्हील (मोटरवरचं जड फिरतं चाक) तर लागतंच, मग चुंबक त्याच्यातच बसवा आणि कॉइल, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर त्याच्या खाली. चुंबक कॉइलजवळून गेलं की तिच्या प्रायमरीत (कमी वेढ्यांच्या तारेत) करंट तयार होतो, नेमक्या क्षणी फिरणारा कॅम पॉइंटना उघडतो, करंट तुटतो आणि सेकंडरीत (जास्त वेढ्यांच्या तारेत) हजारो व्होल्ट उभे राहतात. कंडेन्सर नसेल तर तीच ताकद पॉइंटवर ठिणगी पाडण्यात वाया जाते आणि पॉइंट जळतात.

तरीही बॅटरी लगेच गेली नाही. १९२१ मध्ये ओलेची नवी हलकी एल्टो मोटर आली ती बॅटरी आणि अॅटवॉटर केंट कंपनीचा टायमर (स्पार्कची वेळ ठरवणारा भाग) घेऊन, आणि त्याच सुमारास साउथ बेंडच्या जॉन्सन भावांनी लाइट ट्विन काढली, ३५ पौंडांच्या आसपास, फ्लायव्हील मॅग्नेटोवाली. ओलेचं काही चुकलं नव्हतं, कारण मॅग्नेटोचा स्पार्क फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतो, हळू ओढलं की कमजोर, उलट बॅटरीचा स्पार्क हळू फिरवलं तरी पूर्ण ताकदीचा. म्हणून त्या काळातल्या एल्टोत फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो शोधत बसू नका, तिथे तो नाहीच, टायमर आणि वायरिंग बघा.

१९३० च्या दशकात अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा चुंबकी मिश्रधातू) आलं आणि चुंबकाचं दुखणं बरंच कमी झालं. त्याआधीच्या स्टीलच्या चुंबकांची ताकद काळाने आणि हातोडीच्या ठोक्यांनी उतरते, मग पुन्हा चार्ज करून घ्यावं लागतं. पण चुंबक सुधारलं तरी इन्सुलेशन मागेच राहिलं, आणि पुढची सगळी रडकथा त्याचीच आहे. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या कॉइल यासाठी बदनाम आहेत, वरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, ओल आत शिरते आणि स्पार्क, प्लगपर्यंत न जाता, मधेच कुठेतरी उडी मारतो. वर बारीक चीर दिसली तरी कॉइल बदलून टाका, चिकटवत बसू नका. पॉइंट तर नुसते पडून राहिले तरी त्यांच्यावर थर चढतो, तो साफ करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावायची, या मोटरींना साधारण ०.०२० इंच. त्यासाठी फ्लायव्हील काढावंच लागतं, आणि तिथेच लोक कड्याला पकडणारा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून फ्लायव्हील वाकवतात. पुलर मधल्या बोल्टच्या भोकांनाच लावा. बसवताना टेपर (शाफ्टचा निमुळता भाग) कोरडा पुसा आणि चावी, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी धातूची छोटी पट्टी, तपासा, ती थोडी जरी कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं आणि स्पार्क छान असूनही मोटर सुरू होत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या मोटरींवर सीडी (कपॅसिटर डिस्चार्ज) इग्निशन आलं, मर्क्युरीचं थंडरबोल्ट त्यातलंच. कपॅसिटर काहीशे व्होल्टला चार्ज होतो आणि एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो, त्यामुळे टू-स्ट्रोकच्या तेलाने माखलेला प्लगसुद्धा पेटतो. पण हे सर्किट एपॉक्सीत बुडवलेलं असतं, बिघडलं की उघडून काही करता येत नाही, अख्खा पॅक बदला. जॉन्सन-एव्हिनरूड बनवणारी ओएमसी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी १९५० च्या दशकातल्या मोटरींच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर इतर कंपन्या अजून बनवतात कारण तोच मॅग्नेटो कितीतरी मॉडेलना होता, आणि सुरुवातीच्या सीडीचा पॅक मात्र शोधून शोधून जीव जातो.