ऐन वेळी सुचणारी हुशारी

कथानक अडलं की पात्राला अचानक अक्कल येते. तीनशे पानं जिला शेजारी बसलेल्याचा धडधडीत खोटेपणा कळला नाही, तीच नायिका शेवटच्या प्रकरणात बंद पडलेल्या घड्याळावरून खुनी ओळखते. आतापर्यंत नुसती हाणामारी करणारा गडी एकदम रसायनशास्त्र बोलू लागतो, आणि वाचक कपाळाला हात लावतो: हे याला कधीपासून यायला लागलं?

तक्रार जुनीच आहे. कथेचा गुंता कथानकातूनच सुटला पाहिजे, यंत्राने वरून काहीतरी उतरवून नव्हे, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय आणि उदाहरण म्हणून ‘मीडिया’ या ग्रीक नाटकाचा शेवट दिलाय. तेव्हाच्या नाटकांत अडचण सोडवायला यंत्राने देव रंगमंचावर उतरवत. आता देव उतरत नाहीत. त्यांच्याऐवजी पात्राच्या डोक्यात बुद्धी उतरते, इतकाच फरक.

लेखकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अचानक सुचणं ही काही थाप नाही. 1987 साली जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीब यांनी लोकांना कोडी सोडवायला दिली आणि दर पंधरा सेकंदांनी विचारलं, ‘उत्तराच्या किती जवळ आलात असं वाटतंय?’ बीजगणिताची उदाहरणं सोडवणाऱ्यांचा अंदाज हळूहळू चढत गेला. युक्तीच्या कोड्यांमध्ये तसं झालं नाही. उत्तर सापडायच्या जरा आधीपर्यंत लोक ‘अजून कशाचा पत्ता नाही’ असंच सांगत होते. पुढे 2004 मध्ये मार्क यंग-बीमन, जॉन कूनियॉस आणि सहकाऱ्यांनी अशा क्षणी मेंदूतले विद्युत तरंग मोजले. उत्तर सुचल्याचं माणसाने कळवण्याच्या साधारण 0.3 सेकंद आधी उजव्या कानाच्या वरच्या भागात वेगवान तरंगांची एक उसळी दिसली. म्हणजे ‘डोक्यात लख्ख प्रकाश पडला’ हे वाक्य कितीही गुळगुळीत झालं असलं तरी खोटं नाही.

गडबड आहे ती वेळेची. कथेत हा प्रकाश नेमका गळ्याशी आल्यावर पडतो, आणि प्रयोग सांगतात की ती त्यासाठी फार वाईट वेळ असते.

कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं घ्या. टेबलावर मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोकंभर ड्रॉइंग पिना. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण टेबलावर सांडू नये. लोक पिनांनी मेणबत्तीच भिंतीला टोचून बघतात, मेण वितळवून चिकटवून बघतात. उत्तर म्हणजे खोकं रिकामं करायचं, पिनांनी भिंतीवर ठोकायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. पिना ठेवलेलं खोकं हे ‘पिनांचं खोकं’ म्हणूनच दिसत राहतं. त्याची फळी होऊ शकते हे दिसत नाही. 1962 मध्ये सॅम ग्लक्सबर्गने या कोड्यावर पैशांचं बक्षीस लावलं. बक्षिसाच्या आशेने लोक झपाट्याने सोडवतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात बक्षीस लावलेल्या गटाला बिनबक्षिसाच्या गटापेक्षा सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास जास्त वेळ लागला. पिना आधीच खोक्याबाहेर काढून ठेवल्या, तेव्हा मात्र बक्षीसवालेच पुढे गेले. थोडक्यात, वाट दिसत असेल तर घाई पळवते. वाट शोधायची असेल तर घाई डोळ्यांना झापडं लावते. हे वीस डॉलरच्या बक्षिसाचं झालं. कथेत तर डोक्याला पिस्तूल लावलेलं असतं.

मग संकटात कोणाला काही सुचतच नाही का? सुचतं, आणि त्याचं एक उदाहरण असं आहे की कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने लाल रेघ मारली असती.

5 ऑगस्ट 1949. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत वणवा लागला होता. विमानातून उड्या मारून उतरलेले अग्निशामक नदीच्या दिशेने खाली चालले होते. वणवा घळ ओलांडून त्यांच्या वाटेवर आला. सगळे उलटे फिरले आणि वाळलेल्या गवताचा चढ चढत पळू लागले. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते. तुकडीचा प्रमुख वॅग डॉज थांबला, खिशातून काडी काढली आणि समोरच्या गवताला स्वतःच आग लावली. गवत भुर्रकन जळून गेलं. त्या राखेत तो शिरला, ओला रुमाल तोंडावर धरून पालथा पडला, आणि मोठा वणवा त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. मधे जाळायला काही उरलंच नव्हतं. त्याने इतरांनाही राखेत बोलावलं होतं. कोणीही आलं नाही. मागे आग लागलेली असताना पुढे आग लावणाऱ्या माणसाला वेड लागलंय असंच कोणालाही वाटेल. तेरा जण मेले. डॉजव्यतिरिक्त दोघे कड्याच्या फटीतून वर निसटून वाचले.

ही युक्ती आपल्याला कोणी शिकवलेली नव्हती, असं डॉजने नंतर चौकशीत सांगितलं. गवताळ प्रदेशात राहणाऱ्या लोकांना ती पूर्वीपासून माहीत होती, पण त्याला नव्हती. तरी ती आभाळातून पडलेली नाही. गवत किती पटकन पेटतं, किती पटकन विझतं, जळलेल्या जागी आग परत येत नाही, हे सगळं वर्षानुवर्षांच्या कामातून त्याच्या अंगात मुरलेलं होतं. सुचलं एका क्षणात, पण त्याची सामग्री जुनी होती.

निर्णयांचा अभ्यास करणाऱ्या गॅरी क्लाइनला भेटलेला एक अग्निशामक अधिकारी तर ठामपणे म्हणत होता की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. एका घरात स्वयंपाकघराची आग विझवताना त्याने एकाएकी सगळ्यांना बाहेर काढलं, आणि लगेच जमीन खचली. आग खाली तळघरात होती. खोदून विचारल्यावर कारणं निघाली: पाणी मारूनही आग दबत नव्हती, खोली नको इतकी तापली होती, आणि इतक्या उष्णतेच्या मानाने आवाज फारच कमी होता. काहीतरी जुळत नाही, एवढं त्याला कळलं होतं. का, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

वाचकाला लबाडी वाटते ती इथेच, असं मला वाटतं. पात्राला झटकन सुचलं म्हणून आपण चिडत नाही. ते सुचण्यामागे काहीच नसतं, म्हणून चिडतो. पात्राला तीन सेकंदांत जे सुचतं त्यासाठी लेखकाने सहा महिने घेतलेले असतात, आणि त्यातला एकही दिवस पात्राच्या वाट्याला आलेला नसतो.

हे ‘काहीतरी’ पेरायचं कसं, याचा नमुना नॉर्मन मायरच्या 1931 च्या प्रयोगात आहे. छतापासून दोन दोऱ्या लोंबताहेत. त्यांची टोकं एकत्र बांधायची आहेत, पण एक हातात धरली की दुसरी हाताला येत नाही. जवळ एक पक्कड असते. ती दोरीला बांधून झोका द्यायचा आणि झुलत आलेलं टोक पकडायचं, हे अनेकांना सुचेना. मग मायर खिडकीकडे जाता जाता सहज लागल्यासारखा दोरीला धक्का देई. दोरी हले, आणि अनेकांना थोड्याच वेळात उत्तर सापडे. कसं सुचलं विचारलं तर त्या धक्क्याचं नाव फार थोडे घेत.

रहस्यकथेचा कसबी लेखक हेच करतो. दुसऱ्या प्रकरणात दोरीला हलकेच खांदा लावून जातो आणि वाचकाचं लक्ष खिडकीबाहेर वळवतो. शेवटी उत्तर आलं की उरलेलं काम वाचकाचं डोकंच करतं. 1975 मध्ये बारुक फिशहॉफने लोकांना ब्रिटिश-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल खरे म्हणून सांगितले. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. ‘मला वाटलंच होतं’ असं म्हणणारा वाचक खोटं बोलत नसतो. पण लेखकाने दोरी हलवलेलीच नसेल, तर मागे जाऊन टेकायला त्याला काहीच सापडत नाही.

याहून मोठी चूक सहसा त्यानंतरच्या प्रकरणात होते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मेणबत्तीचं कोडं ज्याने एकदा सोडवलं, त्याच्यापुढे तेच सामान पुन्हा मांडलं तर तो सरळ खोकं रिकामं करायला घेतो. पात्राचं तसं होत नाही. कालच घड्याळावरून खुनी ओळखणारी नायिका आज नव्या गावात, नव्या संशयिताच्या शेजारी बसते आणि त्याची पहिलीच थाप खरी मानते.