खंडोबाचा किडा पाळताना

तुरीच्या वाळक्या काडीला वाळलेल्या फेसासारखा खाकी गोळा चिकटलेला दिसला, तर काडीसकट घरी आणा. ही खंडोबाच्या किड्याची, म्हणजे प्रार्थना कीटकाची अंड्यांची पेटी. अंडी घालताना मादी फेस सोडते. तो सुकून कडक होतो. सोलापूरजवळच्या बाळे गावी खंडोबाच्या यात्रेला निघालेले आमचे शेजारी हा किडा दिसला की हात जोडतात. तो मात्र हात जोडून भक्ष्याची वाट बघत असतो.

काडी बरणीत ठेवा आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधा. एकदा माझ्या पेटीतून पिल्लांऐवजी बारीक काळ्या माश्याच निघाल्या. परजीवी गांधीलमाशीने आधीच आपली अंडी आत घातली होती. सगळं नीट झालं, तर एका पेटीतून शंभरावरही पिल्लं निघतात आणि एकमेकांना खायला लागतात. म्हणून ती लवकर वेगळी करायची. पिकलेल्या केळ्यावर जमणारी चिलटं हे त्यांचं पहिलं जेवण. मेलेला किडा समोर ठेवलात तर तो ढुंकूनही बघत नाही; हालचाल दिसली तरच झडप घालतो.

खरी परीक्षा कात टाकताना होते. मोठा होईपर्यंत तो सहा ते नऊ वेळा कात टाकतो. छताला पाय रोवून उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. त्यामुळे डब्याची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी आणि छत खडबडीत हवं, गुळगुळीत प्लॅस्टिक नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते आणि कात अंगालाच चिकटते. माझा एक नर असाच पाय वाकडे होऊन गेला. तेव्हापासून मी रोज सकाळी पाण्याचा हलका फवारा मारतो. डबा मात्र चिखल करायचा नाही, बुरशी येते. किड्याने खाणं सोडलं की कात जवळ आली समजा; त्या दिवसांत डब्यात टोळ राहू देऊ नका, तोच किड्याला चावतो.

नर-मादी ओळखायला पोटाखालचे पट्टे मोजा: मादीचे सहा, नराचे आठ. शेवटच्या कातीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, मादीला पोटभर खाऊ घालूनच जोडी जमवा. उपाशी मादी नराला खाते. डोकं गेलं तरी नराचं धड मीलन चालूच ठेवू शकतं, कारण ते काम पोटातल्या मज्जागाठी सांभाळतात. नर नसला तरी मादी पेटी घालते. त्यातून बहुधा काहीच निघत नाही. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक काडीवर तारखेबरोबर ‘जोडी झाली’ किंवा ‘नाही’ एवढं लिहिलेलं असतं.