दुसरी काँटिनेंटल काँग्रेस : युद्धकाळातील लष्करी व मुलकी कारभार

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालवणारी तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा. युद्धाला तोंड फोडणाऱ्या लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डच्या चकमकींना महिनाही उलटला नव्हता, तेव्हा १० मे १७७५ रोजी फिलाडेल्फियात ती भरली. इंग्लंडच्या राजापुढे गाऱ्हाणी कशी मांडायची याचा विचार करायला निघालेल्या या मंडळींच्या गळ्यात थेट एक सैन्य पडले. सभेला राष्ट्राध्यक्ष नव्हता, मंत्री नव्हते. अध्यक्ष म्हणजे बैठक चालवणारा आणि पत्रांवर सही करणारा सदस्य, एवढेच. वसाहत, म्हणजे पुढचे राज्य, लहान असो वा मोठे, मत एकच. कर बसवण्याचा अधिकार तर तिला अखेरपर्यंत मिळाला नाही. युद्धाचे निर्णय सभेने घ्यायचे आणि माणसे व पैसा राज्यांनी पुरवायचा, या फारकतीतच पुढच्या बहुतेक गोंधळाचे मूळ आहे.

१४ जून १७७५ रोजी सभेने रायफलधारी शिपायांच्या दहा कंपन्या उभारायचे ठरवले आणि बोस्टनभोवती जमलेली फौज आपली मानली. दुसऱ्याच दिवशी व्हर्जिनियाचे जॉर्ज वॉशिंग्टन सरसेनापती म्हणून निवडले गेले. निवडीत युद्धकौशल्याइतकाच प्रदेशाचा हिशेब होता. फौज न्यू इंग्लंडची, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींची होती. सेनापती दक्षिणेचा असला, तर लढाई सगळ्या वसाहतींची ठरणार होती. वॉशिंग्टन यांनी पगार नाकारला, फक्त खर्चाचा हिशेब ठेवीन म्हणाले. आठवडाभरात, २२ जूनला, वीस लाख डॉलरच्या कागदी नोटा काढायचा ठराव झाला. जुलैत टपालखाते आले आणि बेंजामिन फ्रँकलिन त्याचे प्रमुख झाले. ऑक्टोबरमध्ये नाविक दलाची सुरुवात झाली.

हे सगळे समित्यांतून चाले. बंदुकीची दारू मिळवायला एक समिती, परदेशी पत्रव्यवहाराला दुसरी, आरमाराला तिसरी, शिवाय एखाद्या पत्राचे उत्तर लिहायलाही दोघातिघांची समिती नेमली जाई. जून १७७६ मध्ये ‘बोर्ड ऑफ वॉर अँड ऑर्डनन्स’ (युद्ध व शस्त्रसामग्री मंडळ) स्थापन झाले, तेही पाच सदस्यांचेच. अध्यक्ष होते जॉन ॲडम्स. सदस्य दिवसा सभेत बसत आणि समितीचे काम सकाळी किंवा रात्री उरकत. नुकतेच एका राजाविरुद्ध बंड केलेल्या लोकांना कोणा एकाच्या हाती अधिकार सोपवणे धोक्याचे वाटे. ही भीती खोटी नव्हती, पण तिची किंमत सैन्याने मोजली.

रसदखात्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. उधळपट्टीच्या तक्रारी वाढल्यावर सभेने १० जून १७७७ रोजी खात्यासाठी लांबलचक नियमावली केली. खरेदी केलेल्या गुरांचा रंग आणि अंगावरच्या खुणासुद्धा वहीत नोंदवायच्या होत्या. हाताखालच्या उपप्रमुखांच्या नेमणुका सभेने स्वतःकडे घेतल्या. खातेप्रमुख जोसेफ ट्रंबुल यांनी वैतागून राजीनामा दिला. ऐन मोहिमेत खरेदीची घडी विस्कटली. नोव्हेंबरमध्ये क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे सैन्याची वाहतूक व साहित्य पाहणारे अधिकारी, थॉमस मिफ्लिन यांनीही पद सोडले आणि ते काही महिने रिकामेच राहिले. परिणामी वॉशिंग्टन यांच्या फौजेने व्हॅली फोर्ज येथे काढलेल्या हिवाळ्यात गाड्याघोड्यांअभावी माल छावणीपर्यंत पोहोचेना. जानेवारी १७७८ मध्ये सभेची एक समिती छावणीत जाऊन राहिली, तेव्हा कागदावरची फौज आणि समोरची फौज यांतला फरक सदस्यांना दिसला. मार्चमध्ये नाथानिएल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाले. खर्चावर टक्केवारीने मोबदला देण्याच्या, म्हणजे कमिशनच्या, ज्या पद्धतीला सभा नाके मुरडत होती, तीच त्यांच्यासाठी मान्य करावी लागली.

सेनाधिकाऱ्यांच्या बढत्याही सभेच्याच हाती होत्या. कोणत्या राज्याने किती सैनिक दिले, हे सेवाज्येष्ठता आणि गुणवत्तेबरोबर पाहायचे असे तिने फेब्रुवारी १७७७ मध्ये ठरवले. त्याच महिन्यात पाच कनिष्ठ अधिकारी बेनेडिक्ट आर्नल्ड यांना डावलून मेजर जनरल झाले. आर्नल्ड पुढे इंग्रजांना फितूर झाले. त्याला कर्जासह इतरही कारणे होती, पण ही सल त्यांच्या मनातून गेली नाही. दक्षिणेकडच्या फौजेवर होरेशिओ गेट्स यांना सभेनेच धाडले. ऑगस्ट १७८० मध्ये कॅमडेनला त्यांचा दारुण पराभव झाला. त्यानंतरचा सेनापती मात्र सभेने वॉशिंग्टन यांना निवडू दिला आणि त्यांनी ग्रीन यांना पाठवले.

संकट अगदी दाराशी आले की सभेची मूठ सैल होई. डिसेंबर १७७६ मध्ये शत्रू जवळ आल्याने ती बाल्टिमोरला हलली. त्या महिन्याच्या २७ तारखेला वॉशिंग्टन यांना सहा महिन्यांसाठी विशेष अधिकार मिळाले: सोळा जादा पलटणी उभारणे, मालक विकायला तयार नसल्यास वाजवी भावाने सामान घेणे, कागदी चलन नाकारणाऱ्यांना अटक करणे. वॉशिंग्टन यांनी हे अधिकार बेताने वापरले. फिलाडेल्फियात मागे राहिलेल्या तिघांची समिती, विशेषतः व्यापारी रॉबर्ट मॉरिस, तातडीची कामे निपटत होती. हे काम पूर्ण सभेपेक्षा चपळाईने झाले, असे म्हणायला हरकत नाही. १७७७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया पुन्हा सोडावी लागली. लँकेस्टरला एकच दिवस बैठक झाली, मग यॉर्कला नऊ महिने मुक्काम पडला. तिथेच राज्यांना एकत्र बांधणाऱ्या महासंघाचा आराखडा (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) मंजूर झाला.

अखेर पैशाने सभेला वाकवले. नोटा छापून छापून त्यांचा भाव इतका घसरला, की मार्च १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरला एक नाण्याचा डॉलर असा दर सभेनेच मान्य केला. नोटांऐवजी राज्यांकडून थेट मांस, पीठ, दारू, चारा मागण्याचा प्रयोगही फसला. १७८१ च्या सुरुवातीला अर्थ, युद्ध, आरमार आणि परराष्ट्र व्यवहार यांसाठी स्वतंत्र, एकेका प्रमुखाची खाती ठरली. अर्थखाते मॉरिस यांच्याकडे आले. त्यांनी रसद ठेकेदारांवर सोपवली. यॉर्कटाउनच्या वाटेवर कुरकुरणाऱ्या सैनिकांना महिन्याचा पगार रोख नाण्यांत द्यायला त्यांनी मदतीला आलेल्या फ्रेंचांकडून उसने घेतले. तिथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. विजयाची बातमी आणणाऱ्या स्वाराच्या खर्चासाठी खजिन्यात पैसे नव्हते, सदस्यांनी एकेक डॉलर काढला, असे सदस्य एलायस बुडिनो यांनी पुढे लिहून ठेवले.

थकलेल्या पगारासाठी जून १७८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सैनिकांनी फिलाडेल्फियातील सभागृहाला वेढा दिला. राज्य सरकारने संरक्षणाची हमी दिली नाही आणि सभा प्रिन्स्टनला निघून गेली. अधिकाऱ्यांना १७८० मध्ये कबूल केलेले तहहयात अर्धवेतन १७८३ मध्येच पाच वर्षांच्या पूर्ण पगारावर आणले होते, तेही रोख नव्हे, तर कर्जपत्रांच्या रूपात. अनेकांनी ती मातीमोल भावात विकली. या कर्जाची सोय लागली ती १७९० मध्ये, नव्या राज्यघटनेखाली कर बसवू शकणारे सरकार आल्यावर.