समृद्धीकरण, पाळीव कुत्र्यांचे

घरात किंवा अन्य बंदिस्त जागेत राहणाऱ्या कुत्र्याला हुंगणे, शोधणे, कुरतडणे, पाठलाग करणे, अडचणीतून वाट काढणे या त्याच्या अंगभूत वर्तनासाठी मुद्दाम वाव करून देण्याची पद्धत. बॉर्डर कॉली, बेल्जियन मॅलिनॉय, जर्मन शेफर्ड, बीगल अशा कामासाठी पैदास झालेल्या चपळ व तल्लख जातींच्या संदर्भात ही संज्ञा विशेष योजली जाते. गावठी कुत्र्यालाही ती तितकीच लागू पडते. ‘रंजन’ आणि ‘विरंगुळा’ हे शब्दही रूढ आहेत, पण त्यांतून नुसता वेळ घालवणे सूचित होते, म्हणून या नोंदीत ते टाळले आहेत.

उगम : या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे द्यावे, याबद्दल मतभेद आहेत. प्राणिसंग्रहालयशास्त्राचे लेखक ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्झ यांच्याकडे देतात. पिंजऱ्यातील वानरांना खेळायला व काम करायला साधने दिली पाहिजेत, असे यर्क्झ यांनी 1925 मध्ये लिहिले होते. त्यानंतर स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी प्राण्याच्या जागेचा विचार क्षेत्रफळापेक्षा गुणवत्तेच्या अंगाने मांडला. 1970 च्या दशकात हॅल मार्कोविट्झ यांनी पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात गिबन वानरांना तरफ ओढून अन्न मिळवण्याची सोय करून दिली. हा क्रम पाठ्यपुस्तकांत इतका पक्का झाला आहे की कुत्र्यांवरील पुस्तकेही तोच गिरवतात.

दुसरी परंपरा प्रयोगशाळेची आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डॉनल्ड हेब यांनी काही उंदीर घरी नेऊन पाळीव प्राण्यांसारखे वाढवले. पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांपेक्षा ते चक्रव्यूहाच्या चाचण्यांत सरस ठरल्याचे त्यांनी 1947 मध्ये नोंदवले. अमेरिकेतील बर्कली येथे रोझेनझ्वाइग, क्रेच, बेनेट आणि मेरियन डायमंड यांनी 1960 च्या दशकात याच धाग्याने पुढे जाऊन, समृद्ध पिंजऱ्यातील उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) मोजता येईल असा फरक पडतो, हे दाखवले.

कुत्र्यांपुरते पाहता मॅकगिलचा धागा अधिक बळकट वाटतो, कारण तेथील पुढचे प्रयोग कुत्र्यांवरच झाले. टॉमसन व हेरन यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात स्कॉटिश टेरियरची काही पिल्ले बाहेरचे काही दिसणार नाही अशा पिंजऱ्यांत वाढवली होती, तर त्यांची भावंडे घराघरांत वाढली होती. मोकळी झाल्यानंतरही पिंजऱ्यातली पिल्ले साध्या अडथळ्याला वळसा घालण्यात मागे राहिली. मेल्झॅक व स्कॉट यांच्या 1957 च्या निबंधातील वर्णन आणखी अस्वस्थ करणारे आहे : असे वाढलेले कुत्रे पेटत्या काडीला नाक लावत आणि भाजल्यावर पुन्हा तिकडेच जात. आज असे प्रयोग कोणी करू धजणार नाही. तरीही ‘घर’ हाच कुत्र्याच्या बुद्धीवर परिणाम करणारा घटक आहे, हे प्रथम दिसले ते येथे, वानरांच्या पिंजऱ्यात नव्हे.

कायद्यात मात्र वानरांचेच पारडे जड राहिले. अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्यातील 1985 च्या दुरुस्तीने संशोधनासाठी ठेवलेल्या वानरांच्या मानसिक स्वास्थ्याची तरतूद केली. कुत्र्यांच्या वाट्याला फक्त व्यायाम आला.

कष्टाचे अन्न : वाटीत आयते मिळणाऱ्या अन्नापेक्षा प्राणी कमावलेले अन्न पसंत करतो, हे गृहीतक बाजारातील बहुतेक अन्नकोड्यांच्या (खटपट करून आतले अन्न काढावे लागते अशा खेळण्यांच्या) मुळाशी आहे. ग्लेन जेन्सन यांनी 1963 मध्ये, शेजारी अन्न मोफत ठेवलेले असूनही उंदीर कळ दाबून अन्न मिळवतात, असे दाखवले. पुढे कबुतरे, कोंबड्या, माकडे यांच्यातही हे आढळले. मांजर मात्र अपवाद ठरले. कुत्र्यांबाबत 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकीकडे साधा ट्रे आणि दुसरीकडे हुंगण्याची चटई (कापडी पट्ट्यांत अन्न लपवता येते अशी) ठेवली असता, कुत्रे चटईतून अन्न काढायला तयार होते, पण त्यांनी ती विशेष पसंत केली असे दिसले नाही. म्हणजे ‘कुत्र्याला कष्टाचेच खायला आवडते’ हे विधान निदान या रूपात टिकत नाही.

याउलट, स्वीडनमधील उप्सला येथील संशोधकांनी 2014 मध्ये बीगल कुत्र्यांच्या जोड्या करून पाहिल्या. एकाला साधन हाताळल्यावर बक्षीस मिळे, तर जोडीदाराला त्याच वेळी तेच बक्षीस काही न करता मिळे. स्वतः उकल करणारे कुत्रे चाचणीच्या जागेकडे अधिक उत्साहाने येत, शेपटीही अधिक हलवत. जोडीदार हळूहळू अनुत्सुक होत. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असे मानण्याचे कारण नाही. पहिला प्रश्न निवडीचा आहे आणि दुसरा उकल साधल्याच्या आनंदाचा. व्यवहारात दुसऱ्यालाच अधिक वजन द्यावे लागते.

घ्राणकार्य : कुत्र्याच्या नाकातील गंधपेशींचे अंदाज 10 ते 30 कोटींच्या दरम्यान दिले जातात; माणसाच्या बाबतीत हा आकडा सुमारे 50 ते 60 लाख आहे. शार्लोट ड्युरांटन व अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये, दोन आठवडे रोज हुंगून शोधण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांची तुलना मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्यांशी केली. नेहमी भरलेल्या आणि नेहमी रिकाम्या वाटीच्या जागांच्या मधोमध, म्हणजे संदिग्ध जागी, ठेवलेल्या वाटीकडे पहिल्या गटातील कुत्रे आधीपेक्षा लवकर गेले. वाटीत काही असेलच, अशी आशा त्यांना वाटत असावी, असा याचा अर्थ लावला जातो. ज्या कुत्र्याला फिरायला नेताना दर खांबापाशी ओढून पुढे काढले जाते, त्याच्या मालकाने हा निबंध जरूर लक्षात घ्यावा.

साधने : पोकळ रबरी खेळण्यांत ‘काँग’ सर्वांत प्रसिद्ध आहे. कोलोरॅडोतील जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत असे आणि गाडीच्या सस्पेन्शनमधील (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेतील) एका रबरी भागावर तो लुब्ध झाल्याने 1970 च्या दशकात हे खेळणे सुचले, असे सांगतात. कथा उत्पादकाकडूनच आलेली आहे. तथापि खेळण्याचा फुगीर कड्यांचा आकार पाहता ती अविश्वसनीय वाटत नाही. स्वीडनच्या निना ओटोसन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकत्या झाकणांची लाकडी कोडी प्रचारात आणली.

घरगुती साधने याहून कमी उपयुक्त नाहीत. जुना टॉवेल पसरून त्यावर कोरड्या खाद्याचे दाणे टाकतात आणि त्याची सुरळी करतात. नवखा कुत्रा आधी पंजाने खरवडतो, मग सुरळी दातांत धरून झटकतो. दाणे उडाले की ती युक्ती पक्की होते. चार-सहा दिवसांनी तो नाक सुरळीच्या कडेखाली घालून ती नेमकी उलट दिशेने उलगडू लागतो, आणि पंधरा मिनिटांचे काम दोन मिनिटांवर येते. तेव्हा टॉवेलला गाठ मारावी किंवा तो खोक्यात कोंबावा. इडलीपात्राच्या खळग्यांत खाऊ ठेवून वर चेंडू बसवणे, जाड कागदाच्या नळीत भाकरीचे तुकडे भरून टोके दुमडणे, दही पसरट ताटलीत थिजवून चाटायला देणे, हे प्रकारही रूढ आहेत. साधन कोणतेही असो, अन्न दिवसाच्या ठरलेल्या मापातूनच काढायचे असते. एरवी कुत्रा हुशार होण्याऐवजी लठ्ठ होतो.

नावांचे खेळ : जर्मनीतील रिको या बॉर्डर कॉलीला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत असल्याचा निबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून दक्षिण कॅरोलायनातील निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापक जॉन पिली यांनी चेझर या कुत्रीला सुमारे तीन वर्षे, रोज चार-पाच तास शिकवले. 2011 च्या निबंधानुसार तिला 1,022 वस्तू नावाने ओळखता येत. त्यांत सुमारे 800 कापडी प्राणी आणि 116 चेंडू होते. एवढे चेंडू नि इतका वेळ सामान्य कुटुंबात असणे शक्य नाही. शिवाय हा विक्रम बुद्धीइतकाच चिकाटीचा आहे, आणि ती चिकाटी कुत्रीइतकीच प्राध्यापकांची. तीन वस्तूंपासून सुरुवात करून रोज दहा मिनिटे घातली, तरी खेळाचे स्वरूप तेच राहते.

मर्यादा व धोके : मेंढपाळी जातींमध्ये शिकारीच्या वर्तनसाखळीतील रोखून पाहणे, दबा धरणे आणि पाठलाग हे दुवे तीव्र केलेले असतात. अशा कुत्र्यापुढे लेझरचा लाल ठिपका नाचवू नये. हाती काहीच न लागणारा पाठलाग पुढे सावल्यांच्या आणि भिंतीवरील कवडशांच्या वेडात बदलू शकतो, व ते वेड सुटणे कठीण असते. चेंडू फेकण्याचाही अतिरेक होतो : दमवण्यासाठी तासभर चेंडू फेकला की महिनाभराने कुत्र्याचा दम वाढलेला असतो, शांतपणा नव्हे. प्रौढ कुत्रा दिवसाचा निम्मा वा त्याहून अधिक वेळ झोपून काढतो; ही झोप मोडून खेळवणे हा कंटाळ्यावरचा उपाय नाही.

कोड्यांत भरण्याच्या खाद्याबाबत आपल्याकडे एक खास अडचण आहे. चॉकलेट व कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे बहुतेकांना ठाऊक असते, पण शिऱ्यातील वा लाडवातील बेदाणा दुर्लक्षित राहतो. द्राक्षे व बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यामागे टार्टारिक अम्ल असावे, असे अलीकडे मानले जाते. हे खरे असेल तर तेच अम्ल असलेली चिंचही त्याच यादीत येते, आणि आमटीतली पोळी कुस्करून देण्याची सवय सोडावी लागेल. शेंगदाण्याचे लोणी विकत आणताना त्यात झायलिटॉल (कुत्र्याला विषारी असणारे साखरेऐवजीचे गोडवर्धक) नाही, हे वेष्टनावर पाहून घ्यावे.

महाराष्ट्रात : धनगरांच्या वाड्यावरील कुत्र्याला किंवा शेतावर राखणीला असलेल्या कारवानी कुत्र्याला हे सारे वेगळे पुरवावे लागत नाही, रात्रीची राखण हेच त्याचे काम असते. प्रश्न उभा राहतो तो पुण्या-मुंबईच्या सदनिकांत. भारतातील प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार, सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरतो. पावसाळ्यात फेरी आखडली की गच्चीकडे जाणारा जिना हीच अनेक कुटुंबांची हुंगण्याची जागा होते : प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात एकेक दाणा ठेवायचा, आणि कुत्र्याला खालून सोडायचे.