जिवंत दात्याची किडनी जास्त टिकते, पण रक्ताच्या नात्यामुळे नव्हे

‘घरच्यांची किडनी टिकते, कॅडेव्हरची (मृत दात्याची) टिकत नाही’ हे वाक्य डायलिसिसच्या वेटिंग रूममध्ये हमखास कानावर पडतं. त्यातला पहिला भाग सरासरीने खरा आहे. जिवंत दात्याची किडनी साधारण १५ ते २० वर्षं चालते, मेंदूमृत दात्याची १० ते १२. दाता कसा ठरतो, कायदा काय, झेडटीसीसीची (मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राची) प्रतीक्षायादी कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक असतं, ते सोडून देऊ.

घोळ आहे तो कारणात. लोक म्हणतात, ‘रक्ताचं नातं, म्हणून मॅच चांगली.’ मग नवऱ्याला किडनी देणाऱ्या बायकोचं काय? तिचं आणि त्याचं रक्ताचं नातं नसतं, एचएलए (पेशींवरची ओळखखूण, जी जुळवून ‘मॅच’ ठरवतात) बहुधा जुळत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराने दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के आणि मृत दात्यांच्या ७० टक्के. म्हणजे फरक मुख्यतः किडनी कोणत्या अवस्थेत आली, याचा.

मेंदू मृत होताना शरीरात वादळ उठतं. रक्तदाब आधी उसळतो, मग कोसळतो, आणि किडनीला सूज येते. नंतर ती थंड द्रावणाने धुऊन सुमारे ४ अंशांवर बर्फात ठेवतात. एका इस्पितळातून दुसऱ्यात नेणं, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, ही तपासणी), थिएटर मिळणं यात तासन्‌तास जातात. जिवंत दात्याच्या बाबतीत दोन्ही थिएटरं शेजारी, बर्फातला वेळ बहुधा तासाभराचा. रक्त सुरू होताच टेबलावरच लघवी ठिबकू लागते.

मृत दात्याची किडनी अशी लगेच जागी होईलच असं नाही. किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी दुखावलेल्या असतात, त्या सावरायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. तोवर डायलिसिस करावं लागतं. पहिल्या आठवड्यात एकदा जरी करावं लागलं, तरी त्याला ‘डिलेड ग्राफ्ट फंक्शन’ (किडनी उशिरा चालू होणं) म्हणतात. इथे घरचे हादरतात: ‘किडनी फेल गेली, रिजेक्शन आलं.’ दोन्ही वेगळं! रिजेक्शन म्हणजे नव्या किडनीवर शरीराचा हल्ला. हे म्हणजे प्रवासाने थकलेला अवयव. पण झोपलेल्या किडनीत रिजेक्शन लपू शकतं, कारण रिजेक्शनमध्ये जे वाढलेलं दिसतं ते क्रिएटिनिन (किडनी रक्तातून काढून टाकते तो कचरा) इथे मुळात खाली आलेलंच नसतं. म्हणून आधी डॉपलर सोनोग्राफीने रक्तप्रवाह बघतात आणि आठवडाभरात सुधारणा नसेल तर बायोप्सी करतात, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात. बायोप्सीला घाबरून ‘अजून थोडं थांबू’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. आणखी एक फसगत: रुग्णाच्या जुन्या किडन्या थोडी लघवी करत असतील तर ती नव्या किडनीची समजली जाते. आधी रोज किती मिली व्हायची, ते लिहून ठेवावं.

मॅचिंग बिनमहत्त्वाचं, असा अर्थ मात्र काढू नका. बाळात बापाचंही एचएलए येतं, त्यामुळे बाळंतपणात बाईच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. त्यामुळे नवऱ्याने बायकोला किडनी द्यायची असेल तर क्रॉसमॅच जास्त काळजीने बघावी लागते. रक्त चढवल्यानेही अशा अँटिबॉडी तयार होतात. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लगेच पिशवी लावू नये, आधी लोह आणि एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं इंजेक्शन).

दात्याचं वयही विसरतात. ६५ वर्षांच्या आईची किडनी अपघातातल्या पंचविशीच्या तरुणाच्या किडनीहून सरस ठरेलच असं नाही.

तंदुरुस्त दाता घरात असेल तर मी तोच पर्याय निवडेन, तोही डायलिसिसची वर्षं साचण्याआधी. नसेल, तर तुलना शेजाऱ्याला मिळालेल्या बायकोच्या किडनीशी करू नये. त्या रुग्णापुढचा दुसरा पर्याय आठवड्याला तीन डायलिसिस हा आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने जास्त जोखमीचे असले तरी पुढे प्रत्यारोपण झालेलेच जास्त जगतात. तेव्हा घरच्या दात्याच्या तपासण्या चालू असतानाच इस्पितळामार्फत यादीतही नाव घालून टाकावं.